'प्रतिबंधात्मक मतदान कायदा' चालेल का?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा एक वाक्य पाठवलं: 'प्रतिबंधात्मक मतदान कायद्याला हॅरिस काउंटीच्या न्यायाधीश लीना हिडाल्गो यांनी विरोध दर्शवला.' विषय अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या २०२१ मधल्या 'सिनेट बिल १' या मतदानविषयक कायद्याचा. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा.) तिची शंका एवढीच, की 'प्रतिबंधात्मक' लिहावं की 'निर्बंधात्मक'?

'प्रतिबंधात्मक' नको. मराठीत प्रतिबंध होतो तो नको असलेल्या गोष्टीचा. रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, सणाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी केलेली प्रतिबंधात्मक कारवाई. पुढे काही वाईट घडू नये म्हणून आधीच केलेला बंदोबस्त, हा अर्थ त्या शब्दात मुरलेला आहे. गंमत म्हणजे या कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं नेमकं तेच आहे. कायद्याच्या अधिकृत नावातच निवडणुकीच्या सचोटीचं 'संरक्षण' आहे. म्हणजे विरोधाची बातमी देताना आपण नकळत समर्थकांची बाजू मांडून बसतो. उलट 'जाचक' लिहिलं की विरोधकांची. अग्रलेखात ते शोभेल, बातमीत नाही.

कायद्याने काय केलं ते पाहिलं तर शब्द आपोआप सापडतो. २०२०च्या निवडणुकीत, कोविडच्या दिवसांत, ह्यूस्टन ज्या काउंटीत आहे त्या हॅरिस काउंटीने गाडीतून न उतरता मत देण्याची केंद्रं उघडली आणि काही केंद्रं एक रात्र सलग चालू ठेवली. रात्रपाळीवाल्यांची सोय झाली. सुमारे १ लाख २७ हजार लोकांनी गाडीतूनच मत दिलं. नव्या कायद्याने गाडीतलं मतदान बहुतेकांसाठी बंद केलं आणि निवडणुकीच्या दिवसाआधीच्या मतदानाला सकाळी ६ ते रात्री १० ही चौकट घातली. वेळेवर, जागेवर, पद्धतीवर घातलेल्या मर्यादेला आपण निर्बंधच म्हणतो. तेव्हा 'मतदानावर निर्बंध घालणारा कायदा'. लांब आहे, पण वाचताना अडत नाही. 'निर्बंधात्मक'मध्ये सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

(सावरकरांनी भाषाशुद्धीत 'कायदा' या अरबी शब्दालाच 'निर्बंध' हा पर्याय सुचवला होता. तो रुळला असता तर आज आपण 'निर्बंध घालणारा निर्बंध' लिहीत बसलो असतो. आणि 'निर्धन'मधला 'निर्' इथे लावून 'निर्बंध म्हणजे बंधन नसलेला' असं कुणी सांगू लागलं, तर त्याला 'अनिर्बंध' दाखवावा.)

मात्र वाक्यातली मोठी चूक पुढे आहे, आणि ती तिने विचारलीच नव्हती. हिडाल्गो न्यायाधीश नाहीत. टेक्सासात 'काउंटी जज' म्हणजे काउंटीचा निवडून आलेला प्रमुख. 'कमिशनर्स कोर्ट' नावाच्या पाच जणांच्या मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं, आणि ते 'कोर्ट' म्हणजे काउंटीचा कारभार चालवणारं मंडळ. 'न्यायाधीशांचा कायद्याला विरोध' वाचून मराठी वाचक भलतंच समजेल. 'काउंटीच्या प्रमुख' लिहावं. 'महापौर'ही नको, ह्यूस्टन शहराला महापौर वेगळा असतो.

मग काउंटीला 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणावं का? म्हणता येईल, पण एक फरक वाचकाला सांगावा लागेल. आपल्याकडे महापालिका निवडणूक लढवण्याची जागा. ती घेतो राज्य निवडणूक आयोग. तिथे मतदार नोंदणीपासून मतमोजणीपर्यंतचं काम काउंटी करते. म्हणून तिचा विरोध सभागृहातल्या ठरावावर थांबत नाही. आपल्याच हातातलं काम कुणी बांधून टाकलं, ही तिची तक्रार असते.

याच कायद्यात शब्दचर्चेला आणखी एक खाद्य आहे. टपाली मतदानाचा अर्ज ज्याने मागितलेला नाही, त्याला तो करायला सरकारी अधिकाऱ्याने 'सॉलिसिट' करणं हा गुन्हा ठरला. शिक्षा किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास. २०२०मध्ये काउंटीने २० लाखांहून अधिक मतदारांना असे अर्ज पाठवायचं ठरवलं होतं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं होतं, त्याची ही पुढची पायरी. काउंटीच्या तेव्हाच्या निवडणूक प्रशासक इसाबेल लाँगोरिया डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयात गेल्या. पासष्टी उलटलेल्या मतदाराला 'तुम्हाला टपालाने मत देता येतं, अर्ज करा' एवढं सांगणंही गुन्ह्यात बसेल, अशी त्यांची भीती. संघराज्याच्या अपील न्यायालयाने टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जे प्रश्न पाठवले, त्यांत या शब्दाच्या व्याप्तीचाही होता.

मैत्रिणीने 'सॉलिसिट'साठी 'गळ घालणे' योजलं होतं. मराठी म्हणून झकास, पण गळ घालण्यात आग्रह आहे, पुन्हा पुन्हा म्हणणं आहे. वाद तर एकदाच, साधेपणाने सांगण्यावरून होता. मी 'अर्ज करण्यास सुचवणे' लिहिलं असतं.