पालेर्मोतील दोन दिवस कसे घालवावेत?

इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मोत दोनच दिवस मिळणार असून अरबी आणि ख्रिस्ती वास्तुकलेचा संगम नेमका कुठे पाहावा, असे आपण विचारले आहे. माझा आग्रह आहे की सुरुवात राजवाड्यातील कॅपेला पालातिनापासून करावी आणि सकाळी दार उघडताच आत जावे, कारण हे प्रार्थनागृह लहान आहे आणि गर्दी झाली की मान वर करून उभे राहायलाही जागा उरत नाही.

उत्तर फ्रान्समधून आलेल्या ख्रिस्ती नॉर्मनांनी १०७२ मध्ये अरबांकडून हे शहर जिंकले, पण कारागीर, भाषा आणि राहणी एका दिवसात बदलत नाही. म्हणूनच दुसरा रॉजर या नॉर्मन राजाने बाराव्या शतकात बांधलेल्या या वास्तूत भिंतींवर बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) पद्धतीचे सोनेरी मोझेक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रे आहेत, तर वर मशिदीत किंवा अरबी महालात शोभावे असे मुकर्नस घाटाचे, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या कोनाड्यांचे, लाकडी छत असून त्यावर वादक, बुद्धिबळ खेळणारी माणसे आणि कूफी या कोनदार अरबी लिपीतील मजकूर रंगवलेला आहे. पहिल्या भेटीत मी मोझेकमध्येच गुंतून गेलो आणि केवळ छतासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढले. छोटी दुर्बीण अवश्य न्यावी. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. प्रार्थनागृहाजवळ ११४२ सालचा, घटिकायंत्राविषयीचा लॅटिन, ग्रीक आणि अरबी शिलालेख आहे. तोही चुकवू नये.

दुपारी मार्तोराना चर्च पाहावे. रॉजरचा ग्रीक ख्रिस्ती नौसेनापती, अँटिऑकचा जॉर्ज याने ते बांधवले आणि तिथे आजही बायझंटाईन पद्धतीने उपासना होते. घुमटाच्या बुंध्याशी लाकडी पट्टीवर ख्रिस्ती स्तोत्र आहे, तेही अरबीत. शेजारचे सान कातालदो चर्च आतून अगदी साधे आहे. तिथे दहा मिनिटे पुरतात. कॅथेड्रलच्या दक्षिण द्वारमंडपातील डावीकडच्या खांबावर कुराणातील वचन कोरलेले आहे, ते मात्र थांबून शोधावे.

दुसऱ्या दिवशी शहराजवळच्या मोनरेआले गावातील कॅथेड्रल पाहून परतताना पालेर्मोतील झीसा या नॉर्मनकालीन महालातील संग्रहालयात जावे. तिथे एका धर्मगुरूने ११४९ मध्ये आपल्या आईसाठी, अ‍ॅनासाठी, उभारलेली स्मृतिशिला आहे. तिच्यावरील मजकूर लॅटिन, ग्रीक आणि अरबीत, तसेच हिब्रू लिपीतील अरबीत आहे आणि प्रत्येकात तारीख त्या त्या समाजाच्या कालगणनेने दिली आहे.