बारदान वजा करता येतं ना?

प्रश्न: मुलगा यंदा सांगलीतून बी.कॉम. झाला. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी दिवाणजी आहेत. मुलाच्या डोक्यात ‘एक्स्पोर्ट’ बसलंय. एक संस्था दोन महिन्यांच्या कोर्सचे ४५ हजार मागतेय. परवाना काढून देऊ, सगळे कागद शिकवू, म्हणते. रविवारपर्यंत पैसे भरायचेत. आमच्यात कस्टमचा कागद कुणी पाहिलेला नाही. काय करावं? – एक आई, सांगली

ताई,

परवान्याचं आधी सांगते, कारण तिथंच लोक भुलतात. हा परवाना म्हणजे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, वेबसाइटवर ५०० रुपये भरले की घरबसल्या मिळतो. पॅनचाच नंबर आयईसी म्हणून चालतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथली माहिती अद्ययावत करायची, नाहीतर तो बंद पडतो. आणि तुमच्या मुलाला नोकरीच करायची असेल तर त्याची गरजच नाही.

आता कागदांचं. कस्टमचा कागद घरात कुणी पाहिला नसेल, पण त्या जातीचं काम तुमचे मिस्टर रोज करतात. पोती किती, काट्यावर वजन किती, बारदान वजा जाता उरलं किती, शेतकऱ्याच्या पट्टीत काय लिहिलं आणि खरेदीदाराच्या बिलात काय. हे जुळल्याशिवाय त्यांना घरी यायला मिळत नाही. निर्यातीतही सगळी मेख या जुळण्यातच आहे.

समजा, ५० किलोची ३०० पोती हळकुंडं दुबईला चाललीत. निव्वळ वजन १५,००० किलो. रिकामं पोतं अर्ध्या किलोचं धरलं तर बारदानासकट १५,१५०. हे दोन्ही आकडे इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरून शिपिंग बिलात जातात. शिपिंग बिल म्हणजे कस्टमकडे ऑनलाइन दाखल करायची निर्यातीची नोंद. आयातीत तिच्या जागी बिल ऑफ एन्ट्री असतं. कस्टमची परवानगी मिळून माल जहाजावर चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची पावती, देते, त्यावरही तेच आकडे हवेत. हळदीचा एचएस कोड (जगभर चालणारा मालाचा वर्गवारी क्रमांक) ०९१०३० पासून सुरू होतो, आपल्याकडे पुढे आणखी दोन आकडे लागतात. ते चुकले तर कस्टममध्ये अडतं. हळदीसाठी स्पायसेस बोर्डाची, म्हणजे केंद्राच्या मसाला मंडळाची नोंदणी लागते, द्राक्ष-बेदाण्याला अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची. दुबई ज्या देशात आहे त्या यूएईशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखालची शुल्कसवलत खरेदीदाराला हवी असेल तर माल भारतातलाच असल्याचा दाखला जोडावा लागतो.

खरी परीक्षा बँकेत होते. व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी) असला तर बँक हळद उघडून बघत नाही, फक्त कागद बघते. नियमच तसा आहे. एलसीत मालाचं जे वर्णन आहे त्याच्याशी इनव्हॉइसमधलं वर्णन जुळलं पाहिजे. वेगळी मुदत लिहिलेली नसेल तर माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोचले पाहिजेत, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. माल अस्सल राजापुरी असला तरी कागदात विसंगती निघाली तर बँक पैसे नाकारू शकते. मग खरेदीदार भाव पाडून मागतो. यार्डातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

असे कागद चोख जुळवणारा माणूस निर्यातदारांना हवाच असतो. म्हणून माझं म्हणणं, मुलाला लगेच ‘निर्यातदार’ करू नका. आधी एखाद्या कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे निर्यातदाराच्या वतीनं कस्टमचं काम करणाऱ्याकडे (लोक अजून सीएचए म्हणतात) डॉक्युमेंटेशनला चिकटवा. द्राक्ष-बेदाण्याच्या निर्यातदारांकडे तासगाव-सांगलीतही असं काम निघतं, पण शिकायला न्हावा-शेवा बंदराच्या आसपास राहावं. तिथं ब्रोकरच्या माणसाला सुरुवातीला एच कार्ड, म्हणजे कस्टमचं ओळखपत्र मिळतं, परीक्षा पास झाली की वरचं जी कार्ड. पदवी आहेच, जी कार्डावर किमान दोन वर्षं काढली की ब्रोकरच्या लायसन्सची परीक्षा देता येते. ती अवघड आहे, पण परीक्षेआधी हातातून शेकडो शिपिंग बिलं गेलेली असली तर पुस्तक परकं वाटत नाही. पहिल्या वर्षी पगार बेताचाच असेल. रात्री-अपरात्री फोन येतील, कारण जहाज आपल्या जेवणाची वाट बघत नाही.

कोर्स मुळातच वाईट असतात असं नाही. पण महिनाभर काम केल्यावर काय येत नाही ते कळतं, मग निवडून शिकता येतं.

रविवारी त्या संस्थेला ‘सध्या नको’ कळवा. मग मुलाला आठ दिवस वडिलांशेजारी बसू दे, सौद्यापासून पट्टीपर्यंत एका लॉटचा प्रत्येक कागद त्यानं हातानं लिहावा. वडिलांनी त्यात मुद्दाम एक आकडा चुकवून ठेवावा. पोरानं तो न सांगता पकडला, तर त्या ४५ हजारांतले थोडे पनवेल किंवा उरणला पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्यासाठी बाजूला काढा.