वाचक विचारतात : जर्मनीतल्या विद्यापीठाचा पहिला आठवडा

जर्मनीत विंटर सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं, पण बहुतेक विद्यापीठांत तास भरायला लागतात ते ऑक्टोबरच्या मध्याला. त्या पहिल्या आठवड्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

वेळापत्रकात सोमवारी ‘फोरलेझुंग 10 ते 12, सी.टी.’ असं दिसतं आणि त्याच विषयाचं ‘उबुंग’ गुरुवारी. सी.टी. म्हणजे काय? दोन्हींना हजेरी सक्तीची आहे का? – पुणे

सी.टी. लिहिलं असेल तर तास 10:15 ला सुरू होऊन 11:45 ला संपतो. एस.टी. लिहिलं असेल तर 10 म्हणजे बरोबर 10. (आपल्या लाल डब्याशी संबंध नाही.) काहीच लिहिलं नसेल तर मूडलवर, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर, विषयाच्या पानावर वेळ पाहा आणि तिथेही नसेल, तर पहिल्या दिवशी दहाला जाऊन बसा.

फोरलेझुंग म्हणजे लेक्चर आणि उबुंग म्हणजे त्याच विषयाचा सरावाचा तास. लेक्चरला सहसा हजेरी घेत नाहीत, त्यामुळे 75 टक्के वगैरे भानगड नाही आणि डिफॉल्टर लिस्टही लागत नाही. प्रयोगशाळा, सेमिनार आणि भाषेचे वर्ग यांचं मात्र वेगळं आहे. तिथे ठरावीक दांड्यांपुढे गेलात तर विषयच हातचा जातो. किती दांड्या चालतात ते पहिल्याच तासाला सांगतात, म्हणून निदान तो तास तरी बुडवू नका.

पोर्टलवर सगळ्या विषयांना नाव नोंदवलं आहे. म्हणजे परीक्षेचं काम झालं ना? – छत्रपती संभाजीनगर

नाही. आपल्याकडून गेलेली मुलं सर्वांत जास्त अडकतात ती इथेच. विद्यापीठात प्रवेश, विषयाला नाव आणि परीक्षेला नाव या तीन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि पुष्कळदा त्या वेगवेगळ्या पोर्टलांवर होतात. परीक्षेच्या नोंदणीची खिडकी सेमिस्टर सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उघडते आणि ठरल्या तारखेला बंद होते. आपल्याकडे लेट फी भरून फॉर्म घेतात, तशी आशा इथे धरू नका. नाव नसेल तर बहुधा पुढच्या संधीपर्यंत थांबावं लागतं.

पहिल्या आठवड्यात आपल्या कोर्सची परीक्षा-नियमावली, म्हणजे प्रुफुंग्सऑर्डनुंग, डाउनलोड करून घ्या. इंग्रजी भाषांतर असतं, पण कायद्याने सहसा जर्मन मजकूरच ग्राह्य धरतात. त्यात तीन गोष्टी शोधा : नोंदणी कधीपर्यंत, नाव मागे कधीपर्यंत घेता येतं, आणि एका पेपरला किती प्रयत्न मिळतात. बऱ्याच ठिकाणी तीनच मिळतात. गुण 1.0 पासून सुरू होतात आणि ते सर्वोत्तम, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्नही गेला तर त्या कोर्समधून नाव कमी होतं आणि जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात तोच कोर्स पुन्हा घेणंही सहसा बंद होतं. केटी घेऊन पुढे सरकण्याची सवय असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

उबुंगमध्ये दर आठवड्याला गणितं देतात म्हणे. परीक्षेत त्यांचे गुण धरत नसतील तर ती सोडवायची कशाला? मी सहा विषय घेतले आहेत. – सांगली

गुण धरत नाहीत, पण पुष्कळ विषयांत त्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. सर्वसाधारण रीत अशी : दर आठवड्याला प्रश्नांची एक शीट येते, पुढच्या आठवड्यात ठरलेल्या वेळेआधी पीडीएफ अपलोड करायची, ट्यूटर तपासतो आणि मग उबुंगच्या तासाला त्यावर चर्चा होते. सेमिस्टरभराच्या शीटांमध्ये मिळून साधारण निम्मे गुण लागतात; नेमका आकडा विषयागणिक बदलतो. पहिल्या तीन शीटा ‘अजून स्थिरस्थावर व्हायचंय’ म्हणून सोडल्या, तर नंतर दर शीटला जास्त गुण काढावे लागतात आणि तोवर गणितंही अवघड झालेली असतात.

शीट बहुधा दोघा-तिघांच्या गटाने द्यायची असते. गट पहिल्याच उबुंगला जमतात. एकमेकांना आधीपासून ओळखणारे भराभर जोड्या लावतात, म्हणून तास संपल्यावर लगेच शेजारच्याला विचारा किंवा मूडलच्या चर्चापानावर ‘एक जोडीदार हवा’ असं लिहा. सगळे मराठी एकाच गटात, हे सोयीचं वाटतं, पण तपासनिसाचे जर्मन शेरे मग कोणालाच लागत नाहीत. एकाची शीट दुसऱ्या गटाने उतरवली तर दोन्ही गटांना शून्य मिळू शकतं. ज्याने दिली तोही सुटत नाही.

आता सहा विषयांचा हिशेब. एका सेमिस्टरला 30 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. सहा क्रेडिटच्या विषयाला 30 च्या दराने 180 तास होतात. आठवड्यातून दीड-दीड तासाची दोन सत्रं, असे 15 आठवडे धरले तर वर्गात 45 तास जातात आणि उरलेले 135 तास एकट्याने बसायचं असतं. तुमचे सहाही विषय सहा-सहा क्रेडिटचे असतील तर ते 36 होतात. पहिल्या सेमिस्टरला आम्ही चारच सुचवू. हवं तर पहिल्या आठवड्यात सहाही ठिकाणी बसून पाहा. परीक्षेची नोंदणी व्हायची असते तोवर सोडलेल्या विषयाचं काही बिघडत नाही.

मुलाचा व्हिसा लांबला. वर्ग सुरू झाल्यावर दहा दिवसांनी तो पोहोचेल. प्रवेश जाईल का? – नाशिक (पालक)

ते प्रवेशपत्रातल्या नावनोंदणीच्या शेवटच्या तारखेवर आहे. वर्ग सुरू झाले म्हणून प्रवेश आपोआप जात नाही. मुलाने आजच कोर्सच्या समन्वयकाला मेल करावा : नाव, अर्ज क्रमांक, व्हिसाची अपॉइंटमेंट झाल्याची तारीख, पोहोचण्याची अंदाजे तारीख. सोबत दोनच गोष्टी विचाराव्यात : उशिरा नावनोंदणी चालेल का, आणि मूडल आधी उघडून मिळेल का. सेमिस्टरचं शुल्क भारतातूनही भरता येतं. आरोग्यविम्याची माहिती जर्मन सरकारी विमा कंपनी विद्यापीठाला थेट ऑनलाइन कळवते, तेव्हा कंपनीकडे नोंदणी इथूनच सुरू करावी. विमानतळावर दाखवायला घेतलेला प्रवासविमा नावनोंदणीला चालत नाही.

पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. नुसता भाडेकरार पुरत नाही. आणि टपालपेटीवर त्याचं नाव त्याच दिवशी चिकटवायला सांगा. दारावर किंवा पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि टॅक्स क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं टपालानेच येतं. दुसऱ्याच्या खोलीत राहत असेल तर त्याच्या नावाखाली स्वतःच्या नावाची कागदी पट्टीही चालते.

प्राध्यापक वर्गात आले की उभं राहायचं का? ‘सर’ म्हटलं तर चालतं? – कोल्हापूर

उभं राहू नका. तास संपला की सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात, ती टाळ्यांऐवजीची दाद. ‘सर’ म्हटलं तर कोणी रागावत नाही, पण मेलमध्ये ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव लिहा. तपासनीस ट्यूटर बहुधा वरच्या वर्गातला विद्यार्थीच असतो. त्याला पहिल्या नावाने हाक मारा. मेल विद्यापीठाच्या खात्यावरूनच करा, मेलच्या सब्जेक्टमध्ये कोर्सचं नाव घाला. जीमेलवरून ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू झालेला मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो.