'उजव्या मेंदूची' मुलगी आणि १५ ते ८ ठिपके

दहावीचे वर्ष सुरू झाले की नागपुरात धरमपेठेतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "मॅडम, हिचा उजवा मेंदू प्रबळ आहे आणि गणित तर डाव्याचे काम, मग ते कसे येणार?" सोबत बहुधा बोटांच्या ठशांवरून काढलेला रंगीत अहवाल असतो. ठशांवरून मेंदूचा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. पैसे मोजून आलेल्या पालकांना ते रुचत नाही.

महाल भागातून आलेल्या एका वडिलांनी हे वाक्य मुलीसमोरच उच्चारले, तेव्हा ती नखात अडकलेली रांगोळी खरवडत होती. "मला नाही जमत" यापलीकडे तीन भेटींत ती फारसे बोलली नाही. चौथ्या भेटीत मी रांगोळीविषयी विचारले.

"पंधरा ते आठ ठिपके. मधली ओळ पंधराची, मग वर-खाली एकेक कमी करत आठापर्यंत."

"एकूण किती झाले?"

तिने तो अहवाल पालथा केला. आठ-चौदा, नऊ-तेरा, दहा-बारा अशा बावीसच्या जोड्या लावल्या, उरलेले अकरा मिळवून सत्त्याहत्तर केले, त्याची दुप्पट करून मधले पंधरा घातले. "एकशे एकोणसत्तर," ती म्हणाली आणि थबकली. "मॅडम, ही तर आमच्या गणितातली अंकगणिती श्रेढी!" हे वाक्य केव्हापासून माझ्या ओठांवर होते, ते गिळता येणे हेच मी या व्यवसायात कमावलेले कौशल्य.

वडिलांना मग मी एवढेच समजावले. बहुतेकांमध्ये बोलण्याची आणि व्याकरणाची सूत्रे मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे असतात, तर बोलण्यातला सूर, चेहऱ्यांची ओळख आणि जागेचे भान यांत उजवा पुढे असतो. अपस्मारावरील (फिट येण्याच्या आजारावरील) उपचार म्हणून ज्यांच्या दोन अर्धगोलांमधील जोड कापला होता, अशा रुग्णांवरील अभ्यासातून हा फरक ठळक झाला आणि त्यासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या डोक्यात मात्र तो सुमारे २० कोटी तंतूंचा जोड शाबूत असतो. पाठ केलेले पाढे मुख्यतः डावीकडे, पण संख्येचा लहान-मोठेपणा दोन्हीकडे जोखला जातो. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाने हजारावर मेंदूंची छायाचित्रे तपासली, तेव्हा 'डाव्या मेंदूची' आणि 'उजव्या मेंदूची' माणसे त्यांत सापडली नाहीत.

पुढच्या भेटीला ती न सांगता २१ ते ११ ठिपक्यांचे उत्तर घेऊन आली : ३३१. धाकट्या मुलाचीही बोटांच्या ठशांची तीच चाचणी ठरली होती. ती रद्द केली का, हे मी वडिलांना विचारले नाही.