कोरोना म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या काळाचं चिन्ह होतं का?

माझ्या मते तसं म्हणता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) २१व्या अध्यायात शेवटच्या काळाची चिन्हं म्हणून भूकंप, दुष्काळ, रोगराई आहे खरी, पण ती कोणत्या शतकात नव्हती? आमचं जुनं गोवंच बघा. पटकी, हिवतापाने शहर ओस पडत गेलं, १८४३ साली राजधानी रीतसर पणजीला आली. कारण? घाण पाणी आणि डास. (हिवतापामागे डासाचा हात डॉक्टर रोनाल्ड रॉसने १८९७मध्ये दाखवला.) शिवाय मार्कच्या १३व्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो, शेवटचा तो दिवस पुत्रालाही, म्हणजे खुद्द त्यालाही, ठाऊक नाही. मग युट्यूबवरच्या प्रचारकाला कुठून कळला? आमच्या शेजारची आंटी एक नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चुकवत नाही, पण लशीच्या रांगेत आमच्याआधी उभी होती.