घरी आर्केड स्टिक (दांडा आणि बटणांचा गेम कंट्रोलर) बनवताना लिव्हरला चौकोनी गेट (दांडा किती सरकेल ते ठरवणारी प्लॅस्टिकची चौकट) बसवावं की अष्टकोनी?

कुठलंही बसवा. उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही खाली लिहिलंय, "तिरक्या दिशा नोंदल्याच जात नाहीत म्हणून अष्टकोनी घेतोय." या एका वाक्यावरून माझं आणि दादाचं दोन वर्षं वाजतंय.

माझी पहिली स्टिक म्हणजे सान्वा कंपनीचा जेएलएफ लिव्हर, 30 मिमीची आठ बटणं आणि 18 मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) खोका. जाडी दादाची. "हात आपटला तरी हलता कामा नये." हलली नाही, हे मान्य. पण दाबून बसणारी बटणं त्या जाडीत पकडच घेईनात (ती पातळ पॅनलसाठी असतात, जाड लाकडाला नटवाली लागतात), आणि लिव्हर खालून आवळल्यावर वर दांडा उरला एवढासा, जेमतेम गोळा धरता येईल इतका. बटणं बदलली. दांडा तसाच चालवून घेतला, तिथे चुकलो.

खेळायला बसलो तर वर-खाली, पुढे-मागे सगळं ठीक. हादोकेन (स्ट्रीट फायटर गेममधला ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव) मात्र निघेना. खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा, यातलं तिरकंच गायब, त्यामुळे आमचा गडी नुसताच हवेत ठोसे मारतोय. दादाने खोका उघडूनही न बघता निदान केलं: "चौकोनी गेटचाच दोष. कोपऱ्यापर्यंत दांडा फार लांब जातो. अष्टकोनी टाक." टाकलं. जुनं गेट खटक्यांतून सोडवायचं, नवं दाबायचं, पाच मिनिटांचं काम. फरक शून्य. मग दादा म्हणाला, "आता तुझा हातच. नाचता येईना अंगण वाकडं."

अंगण खरंच वाकडं होतं. महिन्याभराने साफसफाईसाठी खालून पेचकस लावून गोळा सोडवला, दांड्यावरची काळी चकती उचलली, तर भोकाच्या कडेला चार जागी एमडीएफ घासून काळं, गुळगुळीत झालेलं. बरोब्बर चार तिरक्या दिशांना. माझ्याकडे ड्रिलचं मोठं बिट नव्हतं म्हणून दांडा जाईल एवढंच भोक पाडलं होतं, आणि ती चकती असतेच भोक झाकायला, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

दांड्याभोवती चार दिशांना चार मायक्रोस्विच (टक वाजणारे छोटे स्विच) असतात. सरळ दिशेला एकच दाबला जातो. तिरक्या दिशेला शेजारचे दोन एकदम दाबले जायला हवेत, म्हणजे दांडा मधल्या जागेपासून साधारण 1.4 पट लांब सरकायला हवा. गोल भोक मात्र चहूकडे सारखंच अडवतं. सरळ जाताना पुरतं, तिरकं जाताना कमी पडतं. त्यात फळी जाड, दांडा कलला की वरच्या कडेला आधीच टेकतो. गेटपर्यंत दांडा पोचतच नव्हता, मग ते चौकोनी असो की अष्टकोनी!

कानशीने भोक 24 मिमीचं केलं, लिव्हरच्या जागेपुरती फळी खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खोदून पातळ केली. त्याच संध्याकाळी हादोकेन. दादा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं अष्टकोनी टाक? गेट रुळायला वेळ लागतो." प्लॅस्टिकचं गेट रुळतं म्हणे.

मग मी गुपचूप चौकोनी परत बसवलं. दादा सुट्टीला येतो, तासन् तास खेळतो आणि जाताना अष्टकोनीचं कौतुक करून जातो. अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा तुम्ही आधी चकती उचलून भोकाची कड बघा. मग आवाज बंद करून दांडा हळूच कोपऱ्यात न्या. दोन टक ऐकू आले पाहिजेत. एकच आला तर कानस घ्या, गेट नको. मात्र एखादी सरळ दिशाही मेली असेल तर पाच तारांचा जोड तपासा: चार दिशांच्या चार आणि एक ग्राउंड.

आणि हो, अष्टकोनी अगदीच टाकाऊ नाही. आठही दिशांना खाच हाताला जाणवते, काहींना तेच आवडतं. चौकोनीत कोपरा म्हणजेच तिरकी दिशा, हे हाताला कळायला दोनेक आठवडे लागतात.

बोर्डाचं (स्टिकच्या तारा जोडून ती कन्सोलला लावायच्या सर्किटचं) तुम्ही विचारलं नाहीत, पण पीएस4 लिहिलंय म्हणून सांगतो. नुसता रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड लावलात तर ओळख न पटल्यामुळे कन्सोल साधारण 8 मिनिटांनी स्टिक तोडतो. तेव्हा लिव्हरला शिव्या घालू नका.