आजच्या जवळच्या लढाईत संगीन आणि चाकू खरंच उपयोगी पडतात का?

पडतात, पण शत्रूला मारायला फार क्वचित. मे 2004 मध्ये इराकमधल्या अमाराजवळ ब्रिटिश सैनिकांनी संगिनी लावून खंदकांवर चाल केली होती, पण अशी उदाहरणं हल्ली मोजकीच. अमेरिकी लष्कराने 2010 मध्ये प्राथमिक प्रशिक्षणातून संगिनीचा सराव वगळला आणि मला ते पटतं. रायफली आखूड झाल्यात, त्यामुळे संगिनीची पोच कमी पडते, आणि पाच पावलांवरही गोळीच आधी पोचते.

रोजचं काम वेगळंच. एकेएम रायफलच्या संगिनीच्या पात्याला एक भोक असतं. ते म्यानाच्या टोकावरच्या खुंटीत अडकवलं की दोन्ही मिळून काटेरी तार कापायची कात्री तयार! दोर, पट्टे, खोकी कापायला तर चाकू सतत हातात असतो.